इनूसमामांचा कोल्हा

इनूसमामांनी मोबाईल मागितला की मी तो द्यायला टाळाटाळ करायचो. ते माझे मेसेज वाचायचे नाहीत की फोटो चाळायचे नाहीत. त्यांना फक्त एवढंच बघायचं असायचं, की मी इंटरनेट कशातून उघडतो. इंटरनेट उघडायला ब्राउझर नावाचा प्रोग्राम लागतो, तो एकच नसतो, दोनचार वेगवेगळे असतात आणि त्यांच्यात आपसात चुरस असते, हे दौंडच्या स्टेशन रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना मामांमुळं कळलं. उरलेल्या निम्म्यांना अजून कळलेलं नाही, पण त्यात मामांचा दोष नाही. ते सांगत होते.

मामांचा ब्राउझर म्हणजे कोल्हा. त्याच्या चित्रात नारिंगी रंगाचा एक कोल्हा अंगाचं वेटोळं करून बसलेला असतो. एके काळी सायबर कॅफेत शिरलं की प्रत्येक पडद्यावर तो असायचाच. पुढं मोबाईल आले आणि मोबाईलबरोबर आयता दुसरा ब्राउझर आला, रंगीत गोल चित्राचा. मामा त्याला चकती म्हणायचे. त्याचं खरं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मामांचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. फॉर्म भरायला आलेल्या माणसाला फोटो लागतो आणि फोटो काढून झालेल्याला फॉर्म भरायचा असतो, त्यामुळं आम्ही एकमेकांवर चांगले पोसलो. प्लायवूड इतकं पातळ होतं, की मामा पलीकडं बोलायला लागले की माझं गिऱ्हाईक कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून भिंतीकडं बघायचं. कारण मामांचा आवाज. तो आवाज दौंड जंक्शनवर ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाडीची वाट बघितली, त्या सगळ्यांच्या कानात बसलेला होता. मामा रेल्वेत अनाउन्सर होते.

मूळ नाव यूनुस शेख. घराणं शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचं, तिथं त्यांच्या धाकट्या भावाचं शिलाईचं दुकान आहे. मामांची नोकरी दौंडला झाली, संसार रेल्वे कॉलनीत झाला, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी घरी बसायच्या ऐवजी दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन माझ्या शेजारी दुकान टाकलं. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गर्दी वाढली की नोकरीतला जुना सूर. "कृपया इकडे लक्ष द्या. रेशनकार्डवाले उजव्या बाजूला, शिष्यवृत्तीवाले डाव्या बाजूला." एरवी आपल्यासारखंच हाय-न्हाई बोलणारा माणूस गर्दी दिसली की एकदम शुद्ध बोलायला लागायचा. माणसं हसायची आणि निमूट रांगेला लागायची.

रेल्वेतली त्यांची खोली फलाटाच्या मागच्या अंगाला होती आणि तिची एकुलती खिडकी यार्डाकडं उघडायची. म्हणजे तीस वर्षं मामा ज्यांच्याशी बोलले त्यांचं एकदाही तोंड त्यांना दिसलं नाही. समोर मालगाडीचे डबे, आणि बोलायचं फलाटावरच्या हजार माणसांशी. हे ते मला अनेकदा सांगायचे, तक्रार म्हणून नाही, नोकरीची एक गंमत म्हणून.

त्याच खोलीत बसून त्यांनी एक उद्योग केला होता. गाडी उशिरा असली की ठरलेलं वाक्य म्हणायचं, प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हांला खेद आहे. मामांचं म्हणणं, खेद कुणालाच नसतो आणि हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून एकदा त्यांनी खेदानंतर आपलं एक वाक्य जोडून दिलं, "चहा घ्यायला वेळ आहे." पंधरा दिवस हे चाललं. मग साहेबांच्या कानावर गेलं आणि मामांना मेमो मिळाला. कागदावर जे नाही ते माइकवर बोलायचं नाही. मामांनी वाक्य बंद केलं. पण त्या पंधरा दिवसांत फलाटावरचा चहावाला रोज गाडी निघून गेल्यावर त्यांच्या खोलीत एक कप पाठवायचा आणि पैसे घ्यायचा नाही. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय याचा तीस वर्षांतला तेवढा एकच पुरावा, असं मामा म्हणायचे. पुढं रेकॉर्ड केलेला आवाज आला, आणि मामांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

मामांच्या दुकानात बसायची पद्धतही उलटी होती. इतर ठिकाणी दुकानदार कॉम्प्युटरपुढं बसतो आणि गिऱ्हाईक पाठीमागं उभं राहून आधारकार्ड नाचवतं. मामांकडं गिऱ्हाईक खुर्चीत आणि मामा मागं उभे. माउस गिऱ्हाइकाच्याच हातात. पासवर्ड ठेवू का म्हणून मशीननं विचारलं की मामा सांगायचे, "न्हाई म्हण त्याला. तुझं तुझ्यापाशी राहू दे." दहा मिनिटांच्या फॉर्मला अर्धा तास लागायचा. रांगेतली माणसं कुरकुरायची, दोन दुकानं सोडून पुढं एक झटपट फॉर्म भरणारा होता त्याच्याकडं जायची, आणि पुढच्या वेळी परत इथंच यायची, कारण तिकडं त्यांना आपल्या फॉर्ममध्ये काय भरलं हे कधी कळायचंच नाही.

एकदा दुपारी माझी चुलती हौसाकाकू वडगाव रासाईहून आली. बचत गटाची अध्यक्ष झाली होती आणि गटाची कसलीशी नोंदणी ऑनलाइन करायची होती. मी फोटो काढला आणि तिला पलीकडं पाठवलं. मामांनी तिला खुर्चीत बसवलं. काकूनं जन्मात माउस धरला नव्हता. भीमेच्या काठची पंधरा एकरांची बागायत एकटीनं रेटलेली बाई, पण तो माउस तिनं चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरला होता. तासाभरात तिनं स्वतः एकेक अक्षर शोधून नाव, गाव, गटातल्या अकरा बायकांची नावं भरली. शेवटचं बटण दाबलं आणि साइट बंद पडली. पांढरं पान आलं, त्यावर इंग्रजीत चार ओळी.

काकूनं दोन्ही हात पटकन पदराखाली घेतले. "माझ्या हातानं बिघाडलं व्हय, मामा?" ती म्हणाली. "काय खर्च येईल ती माझा पुतण्या भरून दील."

प्लायवूडच्या अलीकडं पुतण्या हसला. मोठ्यानं हसला, हे मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही. मामा हसले नाहीत. त्यांनी काकूला सांगितलं की तुम्ही काही बिघडवलं नाही, मशीन पुण्यामुंबईकडं कुठं तरी बंद पडलंय. काकूला ते पटलं नाही. ती बिचारी, मामा आपली लाज राखायला असं बोलतायत, असंच समजली. संध्याकाळी साइट सुरू झाली, फॉर्म गेला, पण तो मामांनी भरला. काकूनं परत माउसला हात लावला नाही.

ती गेल्यावर मामा माझ्याकडं आले. "फोटोवाले, यात हसण्याजोगं काय हुतं?" म्हणाले आणि उत्तर न ऐकताच गेले.

त्यानंतर आठवडाभर मामा गिऱ्हाईक गेल्यावरही कॉम्प्युटरपुढं बसून असायचे. मग एक दिवस मला बोलावून त्यांनी दाखवलं, की कोल्ह्याच्या सगळ्या सूचना मराठीत करता येतात. मेनू मराठी, बटणं मराठी. आणि हे मराठी कुणी पगारी माणसं करत नाहीत, हौसेनं करणारे लोक आहेत, कुणीही त्यांच्यात जाऊन वाक्यं सुचवू शकतं. मामांची मुलगी शबाना हडपसरला एका कंपनीत कामाला होती. तिनं फोनवरून त्यांना कुठं काय दाबायचं ते शिकवलं होतं. मामा चकतीवाले का झाले नाहीत याचं कारण एवढंच. चकतीतही मराठी होतं, चांगलंही होतं, पण ते वरून तयार होऊन यायचं. कोल्ह्याच्या मराठीत आपल्याला शिरता येत होतं.

मामांना सगळा कोल्हा मराठीत आणायचा नव्हता. त्यांना एकच पान हवं होतं. साइट उघडली नाही की जे येतं ते.

त्यांनी सुचवलेलं वाक्य असं होतं: "तुमचं काही चुकलेलं नाही. साइट सध्या उघडत नाही. चहा घेऊन या, मग पुन्हा पाहा."

पुण्याहून केदार नावाच्या एका तरुणाचं उत्तर आलं. आलेली भाषांतरं तपासून मंजूर करायचं काम त्याच्याकडं होतं, तेही हौसेचंच. उत्तर अतिशय नम्र होतं. आपल्या कळकळीचा आदर आहे, पण मूळ इंग्रजी वाक्यात हा अर्थ नाही आणि भाषांतरात पदरची भर घालता येत नाही. मामांनी ते मला वाचून दाखवलं. "परत मेमो आला बघ," म्हणाले.

पण या वेळी ते गप्प बसले नाहीत. चार दिवस ते उत्तर लिहीत होते. कागदावर लिहायचे, माझ्याकडं आणून वाचायचे, फाडायचे. शेवटी जे गेलं ते तीनच ओळींचं होतं. मूळ वाक्य वाचणाऱ्याला आपण काही मोडलं असं वाटत नाही. आमच्याकडं वाटतं. एकदा दौंडला या आणि बघा.

आणि केदार आला. मला वाटलं होतं कोण कशाला येतंय, पण एका शनिवारी दुपारच्या डेमू गाडीनं पाठीला सॅक लावलेला तो सडपातळ पोरगा खरोखरच येऊन उभा राहिला. मामांनी त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत घेतलं. मी हळूच मामांना खूण केली की नेटची वायर काढा, म्हणजे लगेच दाखवता येईल. मामांनी अशा काही नजरेनं बघितलं की मी परत माझ्या दुकानात गेलो आणि दाराशी उभा राहिलो.

वायर काढायची गरज पडली नाही. साडेतीनच्या सुमाराला साइट आपोआप पडली. खुर्चीत होते रेल्वे कॉलनीतले एक रिटायर गँगमन, सहा फूट उंच, मिशा इथपासून तिथपर्यंत. पांढरं पान आलं तसे ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. रांगेकडं बघत म्हणाले, "माझ्यामुळं तुमचा समद्यांचा खोळंबा झाला." रांगेतला एकही माणूस त्यांना न्हाई म्हणाला नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

केदारनं हातातला कप खाली ठेवला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तो बसून राहिला, पण वाक्याबद्दल दोघांत एक शब्दही झाला नाही. जाताना मात्र तो मामांच्या पाया पडायला वाकला, आणि मामांनी त्याला वरच्यावर धरलं.

दीड महिन्यानं कोल्ह्याची नवी आवृत्ती आली, त्यात वाक्य होतं. "तुमचं काही चुकलेलं नाही. साइट सध्या उघडत नाही. थोड्या वेळानं पुन्हा पाहा." मामांनी ते तीनदा वाचलं. मग माझ्याकडं वळले. "चहा काढला," ते म्हणाले. "त्या साहेबानं बी चहाच काढला हुता." पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

पुढचे काही महिने मामांनी आम्हांला वात आणला. वाक्य दिसायचं तर काहीतरी बंद पडायला हवं, आणि साइट हवी तेव्हा बंद पडत नाही. मग मामा पाहुण्याला खुर्चीत बसवायचे, स्वतः टेबलाखाली वाकायचे आणि नेटची वायर उपसायचे. "वाच," म्हणायचे. मी एकदा चिडून म्हटलं, की मामा, जगात सगळं सुरळीत चाललं तर तुमचं वाक्य कुणालाच दिसायचं नाही. त्यावर मामा खूश झाले. तसं झालं तर उत्तमच, म्हणाले, पण तीस वर्षं रेल्वेत काढल्यावर त्यांना तशी काही भीती वाटत नव्हती.

भीती दुसरीच होती. दुकानात एक काळा फळा होता, आधीच्या शिकवणीवाल्यानं मागं ठेवलेला. मामा त्यावर गाड्यांच्या वेळांसारखे दोन रकाने पाडायचे, कोल्हा आणि चकती. दिवसभरात आलेल्या माणसांच्या मोबाईलमध्ये काय दिसलं त्याच्या खडूनं रेघा. सुरुवातीला कोल्ह्याकडं निदान पाच-सहा रेघा असायच्या. मग दोन. मग असा आठवडा आला की कोल्ह्याच्या रकान्यात मामांच्या स्वतःच्या मोबाईलची एकच रेघ. त्या दिवशी मी म्हटलं, मामा, स्वतःची धरायची नसते. मामा म्हणाले, "का? मी काय बिनतिकीट हाय?"

ते बघून माझ्याही मोबाईलवर मी कोल्हा घेतला, अगदी पहिल्या पानावर ठेवला, आणि सगळं काम चकतीतून करत राहिलो. खोटं कशाला बोला, चकती हाताशी होती, सवयीची होती. मामांनी ते दोन मिनिटांत पकडलं. कोल्हा उघडून आत काय काय बघितलंय ते पाहिलं, तर आतलं सगळं कोरं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला, फळ्याकडं गेले आणि माझ्या नावानं ओढलेली रेघ बोटानं पुसली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शबाना यायची तेव्हा या विषयावर बापलेकीत जुंपायची. तिच्या ऑफिसात म्हणे कोल्हा वापरणारी दोघं-तिघंच उरली होती. नवीन साइटी बनवणारे आता कोल्ह्यात चालते का हे तपासतसुद्धा नाहीत, असं तिनं सांगितलं. मामांनी विचारलं, "म्हंजी लोकांनी चकती निवडली?" ती म्हणाली, निवडली असं नाही, फोनमध्ये आलीच ती. "मंग निवडली म्हणू नगंस," मामा म्हणाले. "समोर आला त्या डब्यात बसले, एवढंच."

याचा अर्थ मामा हट्टी होते असा कुणी घेऊ नये. एकदा वडगाव रासाईचीच एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आली. शेवटचा दिवस होता. कोल्ह्यात तिचा फोटो काही केल्या चढेना. तिनं चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी मामांनी स्वतः चकती उघडली, तिला खुर्ची पुढं ओढून दिली, आणि फॉर्म गेला. मला वाटलं मामांना आता वाईट वाटेल, म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. मामा म्हणाले की पोरीला पोचायचं होतं, ती पोचली, त्यात वाईट काय. आणि संध्याकाळी फळ्यावर चकतीच्या रकान्यात त्यांनी आपल्या हातानं आणखी एक रेघ ओढली.

पण त्याच संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते माझ्याकडं येऊन बसले. बराच वेळ माझ्या भिंतीवरचे नमुन्याचे फोटो बघत होते. मग म्हणाले, "कोल्हा ऱ्हाईल का रं?"

मी म्हटलं, राहील की. एवढा मोठा ब्राउझर.

"मला ब्राउझरचं न्हाई पडलं," ते म्हणाले. "त्यो गेला तर दुसरा येईल. पर माझं ती एक वाक्य हाय ना, ती त्याच्याबरूबर जाईल. आन् कुणा अनोळखी माणसानं ती वाचल्यालं मी अजून बघितल्यालं न्हाई. वायर उपसून दाखवल्यालं धरू नगंस."

तीस वर्षं यार्डाकडं तोंड करून बोललेला माणूस. आत्ताही तो तसाच बोलत होता, आणि त्याला ते कळत होतं. मला त्या क्षणी मामांचा फार लळा लागल्यासारखं झालं आणि हौसाकाकूला हसलो त्याची पुन्हा लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी खरोखर कोल्हा वापरायला लागलो. सवय व्हायला आठवडा लागला, फार काही अवघड नव्हतं. मामांना मी सांगितलं नाही. महिन्याभरानं त्यांनीच माझा मोबाईल बघितला आणि रेघ परत ओढली.

पण मी अनोळखी नव्हतो. माझ्यानं ते काम होण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. पाठीमागं उभं राहून फॉर्म भरून घेणं आता जमेना, आणि खुर्चीत बसून दुसऱ्याचा फॉर्म भरायला ते तयार नव्हते. त्यांनी दुकान बंद केलं आणि मामीला घेऊन कवठे येमाईला भावाकडं राहायला गेले. तिथं मोकळं घर होतं, शबाना दर रविवारी येऊ शकत होती. फळा त्यांनी मला दिला. त्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. प्लायवूड तेच आहे, पण पलीकडून ऐकण्यासारखं काही येत नाही.

मामांना मी शेवटचं भेटलो ते गेल्या हिवाळ्यात. कवठ्याच्या वाचनालयानं सभासदांची ओळखपत्रं करायला घेतली आणि फोटो काढायला मला बोलावलं, ते अर्थातच मामांच्या शब्दावर. मी शिरूरहून एसटीनं गेलो. वाचनालयाच्या दारातच मामा काठी घेऊन उभे. रोज अकराला ते तिथं पेपर वाचायला यायचे. तब्येत उत्तम, गालावर रंग आलेला, गावात सगळे हाक मारून बोलत होते.

वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर होता. गावातल्याच कुणा इंजिनियर मुलानं आपल्या ऑफिसातून निघालेला आणून दिलेला. त्यानं त्यात फुकटातली सिस्टीम घातली होती, आणि तसल्या सिस्टीमबरोबर कोल्हा येतोच. भाषा मराठी लावून ठेवली होती. मामांनी शपथेवर सांगितलं की त्यात त्यांचा हात नव्हता. ते आले तेव्हा ते तसंच होतं.

मी कॅमेरा लावत होतो. मामा पेपर घेऊन कॉम्प्युटरच्या पलीकडच्या बाकावर बसले होते. तेवढ्यात लांबच्या वाडीवरून आलेले एक म्हातारे गृहस्थ आत शिरले, आप्पा म्हणत होते त्यांना. कांदा काढून ठेवला होता आणि आजचा बाजारभाव बघायचा होता. मामांना त्यांनी नुसता रामराम घातला, फार ओळख दिसली नाही. खुर्चीत बसले, चष्मा चढवला, एका बोटानं टकटक करत काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. थांबले. पडदा पांढरा झाला.

आप्पांचा हात माउसवरून उचलला गेला. अगदी हौसाकाकूचा गेला होता तसाच. मी कॅमेऱ्यामागून मामांकडं बघितलं. मामांनी पेपर खाली घेतला होता. ते पडद्याच्या मागच्या बाजूला बसले होते, म्हणजे पडद्यावर काय आलंय ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त आप्पांचं तोंड दिसत होतं.

आप्पांनी मान पुढं केली आणि पोथी वाचावी तसं ओठ हलवत, मोठ्यानं वाचलं. "तुमचं काही चुकलेलं नाही. साइट सध्या उघडत नाही. थोड्या वेळानं पुन्हा पाहा."

मी तोंड उघडलं. हे वाक्य ज्यांनी लिहिलं ते हे तुमच्यासमोर बसलेत, असं मी आता सांगणारच होतो. बाकावरून मामांची काठी पुढं आली आणि माझ्या पायावर टेकली. मी परत कॅमेऱ्याकडं वळलो.

आप्पांनी चष्मा काढला आणि नीट घडी करून खिशात ठेवला. हात परत माउसवर ठेवून त्यांनी तो जरा सरळ केला, घरातली वस्तू सारखी करावी तसा. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "आपलं काय चुकल्यालं न्हाई म्हणतोय. जरा येळ लागंल. चला, तवर चहा घिऊ. येता का?"

मामा उठले. ऑपरेशननंतर इतक्या पटकन उठताना मी त्यांना बघितलं नव्हतं.

टपरीवर आप्पा कांद्याविषयी बोलत होते, मामा त्यांच्या तोंडाकडं बघत ऐकत होते. मामांची खोड अशी की दुसऱ्याला ते कधी पैसे देऊ द्यायचे नाहीत. दौंडला चहाच्या गाड्यावर त्यांच्याशी यावरून माझी कायम झटापट व्हायची आणि दर वेळी तेच जिंकायचे. त्या दिवशी आप्पांनी खिशात हात घातला तेव्हा मी सवयीनं मामांकडं बघितलं. मामा दोन्ही हातांनी कप धरून बसले होते. आप्पांनी तिघांचे पैसे दिले. मामांनी देऊ दिले, आणि उरलेला चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.